सुलट बाजूचा पट्टा

मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे, आणि तोही आपणहून चालणारा. हो हो, आपणहून! हसू नका, सगळं सांगतो. फक्त मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटते.

मित्रांनो, मी उभा असतो. खाली डोकं, वर कापडी पिशवीचं पोट, आणि त्याच्याही वर लांब दांडा. माझी चाकं मोटरवर फिरतात. दांड्याची मूठ जरा पुढे सरकवा, मी निघालो. जरा मागे घ्या, आलो परत. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं सोबत चालायचं. कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा तपासणारा माणूस माझ्यामागे धावत ओरडला, "अरे, मी याला चालवतोय की हा मला फिरायला नेतोय?" सगळे हसले, आणि माझी पिशवी अशी फुगली म्हणून सांगू!

तिथून मी आलो एका शिंप्याच्या दुकानात. पुढे कापायचं टेबल, मागे शिलाई मशिनं, आणि मोठ्या आरशासमोर जाडजूड गालिचा. मालकाला सगळे मास्तर म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. मी काकूंच्या वाट्याला आलो. काय ते दिवस! गालिच्यावर खडूची भुकटी, कातरणं, दोऱ्यांचे तुकडे, आणि टाचण्या तर विचारूच नका. टाचणी आत गेली की खणखण वाजायची आणि काकू म्हणायच्या, "गिळलीस ना? मास्तर सकाळपासून हीच शोधतायत." गिऱ्हाइकांची पोरं माझ्यामागे रांग लावायची. मी मोठ्या ऐटीत वळायचो.

मग काकूंचा उजवा खांदा जखडला. हात वर जाईना. आधी त्यांच्या हातून मोठी कात्री गेली. मग इस्त्री गेली, जड म्हणून. त्यांची लेक कामावरून येता-जाता दुकानात डोकवायची आणि म्हणायची, "आई, तू बस गं नुसती." ती मायेनेच म्हणायची हो, पण नुसतं बसून काकूंचा चेहरा कसा उतरायचा, ते मी कोपऱ्यातून बघत होतो. त्यांच्याकडे उरलो फक्त मी. डाव्या हाताने मूठ धरली तरी मी चालायचो ना! संध्याकाळी दुकान आवरताना त्या म्हणायच्या, "चल रे," आणि आम्ही दोघं आरशासमोरून टेबलापर्यंत अशी चक्कर मारायचो, जणू बागेत निघालोय.

आणि नेमका तेव्हाच मी दगा दिला. एका संध्याकाळी आतून जळक्या रबराचा वास आला आणि माझी चाकं थांबली. मोटर नुसती घूं-घूं करत राहिली. काकूंनी मला ढकलायला बघितलं आणि खांदा धरून मटकन स्टुलावर बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक तेवढ्यात आलीच होती. "भंगारात द्या हो बाबा याला. रोज कामावरून येताना मी झाडून जाईन."

"म्हणजे हेही गेलं," काकू हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. "भंगारात काय लगेच? उघडून तर बघू."

त्यांनी आधी प्लग काढला, पिशवी रिकामी केली, आणि मला चक्क उताणं पाडलं. माझ्या गोल ब्रशला दोऱ्यांचा असा विळखा बसला होता, की ब्रशचे केसच दिसेनात! टाके उसवायच्या आकडीने मास्तर एकेक वेढा कापायला लागले. काकू वाकून बघायला लागल्या.

"अहो, हा त्या डॉक्टरीणबाईंच्या कोटाचा निळा!"

"आणि हा बघ, जाड तपकिरी. पोस्टमनची पँट."

"अगं ए," काकूंनी लेकीला एक हिरवा दोरा दाखवला, "हा तुझ्या शाळेच्या गणवेशाचा." लेकीने पर्स खाली ठेवली आणि ती जमिनीवरच बसली.

दोरे निघाल्यावर खरं दुखणं सापडलं. ब्रश फिरेना म्हणून ताण येऊन माझा रबरी पट्टा तुटला होता. तोच पट्टा ब्रश फिरवतो, त्याच्याच जोरावर माझी चाकं चालतात. लेक उठली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा घेऊन आली. मास्तरांनी तो बसवला, मला उभं केलं, आणि काकूंनी मूठ पुढे सरकवली.

मी मागे गेलो! थेट काकूंच्या पायावर!

"अरे, अंगावर काय येतोस?" मूठ मागे घेतली तर मी पुढे पळालो, आणि धूळ आत घ्यायची सोडून मास्तरांच्या पँटवर उडवली.

"गेलं हो बाबा याचं डोकं," लेक म्हणाली. मी मनात म्हटलं, संपलं, निघाला भंगारवाला.

पण काकू मास्तरांकडे रोखून बघत होत्या. "अहो, पट्टा कसा घातलात?"

"कसा म्हणजे? नीट घातला. पीळ देऊनच बसतो तो. एका बाजूने दिला तर सगळी खरखरीत, उलट बाजू समोर येत होती. मी दुसरीकडून दिला, चकचकीत बाजू वर आणली. सुलट."

"कपडा आहे का तो सुलट दिसायला? तुम्ही पीळच उलटा दिलात, म्हणून सगळंच उलटं फिरतंय!"

"अगं, पण उलट बाजू दिसेल ना!"

"दिसू दे. कोण बघणार आहे याच्या पोटाखाली वाकून?"

लेक इतकी हसली, की तिला ठसका लागला. मास्तर बिचारे आकडी शोधायला लागले, पण काकूंनी पुन्हा प्लग काढून मला आडवं करायला लावलं आणि माझ्याजवळ बसल्या. "आई, तू नको गं," लेक म्हणाली.

"खांदा जखडलाय माझा. बोटं नाही जखडली."

त्यांनी पट्टा काढला, पीळ फिरवला, खरखरीत बाजू वर आणली आणि टक्कन बसवला. मग मूठ धरली. "चल रे."

मी पुढे निघालो, मित्रांनो. अलगद, सरळ, पुढे! त्या संध्याकाळी लेकीने आईला "बस" म्हटलं नाही. तिने आमच्या वाटेतलं स्टूल उचललं आणि बाजूला उभी राहिली.

आता गालिचा गेलाय, फरशी आलीय, आणि मी पडद्यामागे उभा असतो. आरशासमोर गालिच्याचा तेवढा एक तुकडा ठेवलाय. का ठेवलाय, ते मास्तर सांगत नाहीत, पण मला माहीत आहे: काकूंची आणि माझी संध्याकाळची चक्कर चुकू नये म्हणून.

म्हणून एवढंच मागतो. घरातलं काही चालेनासं झालं, तर टाकण्याआधी कुणा मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि एकदा उताणं करून बघा. आणि कुणाच्या हातून काम काढून घेण्याआधी त्याची बोटं बघा. थांबा, पडदा हलला. काकू आल्या वाटतं. गप्पा पुरे, मला निघायचंय.