झाकण उघडून बघणाऱ्याचं बोट

बोट बरं झालं तर घड्याळजीला बारीक स्क्रू पुन्हा उचलता येणार होते, त्याच्या बायकोची त्याच्या किरकिरीतून सुटका होणार होती आणि मलमाच्या डबीला शाबासकी मिळणार होती. माझ्या वाट्याला काय येणार होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, मी त्या बोटाच्या कातडीतली जुनी रहिवासी. मला भक्षक पेशी म्हणतात. नको ते खाऊन टाकायचं, एवढंच काम मला ठाऊक होतं.

एका सकाळी घड्याळाची फुटकी काच बोटात घुसली. मी हाक दिली, तशा रक्तातून लढाऊ पेशी धावत आल्या. त्यांनी जंतू गिळले आणि बघता बघता मरून पडल्या. त्यांना उचलायला दुसरं कोण होतं? मीच खाल्लं. मग काय झालं कोण जाणे, माझा सगळा आवेशच ओसरला.

शेजारची विणकर पेशी म्हणाली, "ताई, आता जखम सांधायला धागे घालू ना?"

"घाल बाई," मी म्हणाले. खाणारी मी, बांधकामाचे हुकूम कधीपासून द्यायला लागले?

तेवढ्यात डोक्यावरचं छप्परच गेलं. घड्याळजीने खपली उचकटली होती.

"अहो, कशाला काढलीत?" बायकोने विचारलं.

"आत काम चालू आहे का बघतोय. झाकण उघडल्याशिवाय कळतं का कुठे?"

पुन्हा जंतू, पुन्हा लढाई. विणकरीण विचारी, "ताई, घालू की थांबू?" मी काय कपाळ सांगणार? तिसऱ्यांदा खपली काढली तेव्हा बोट टम्म सुजलं, चिमटा धरवेना. दुकानाला कुलूप लागलं.

बायको म्हणाली, "गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ रोज उघडून बघायला लागलं, तर काय म्हणता?"

"म्हणतो, घेऊन जा बाबा, मला जमणार नाही."

"उद्या बोट तेच म्हणालं तर?"

त्यानंतर त्याचा हात खपलीकडे गेला नाही. खपली तिची ती गळून पडली.

आता दुकान उघडलंय. घड्याळजी सगळ्यांना मलमाचं नाव सांगतो.

मित्रांनो, खपलीला हात लावू नका. खाली काय चाललंय ते आम्हालाच धड कळत नाही, तुम्हाला बघून काय कळणार?

घड्याळजीच्या बोटाला त्या जागी स्पर्श जरा कमी कळतो. त्याने तेवढीच किंमत मोजली. बाकीची सगळी लढाऊ पेशींनी मोजली. त्या माझ्या पोटात आहेत.