पातळ रंगातलं नाव

विद्यार्थी संघाच्या इमारतीत शिरलं की समोरच अध्यक्षांच्या नावांचा लाकडी फलक. दर वर्षी नवं नाव चढवायचं आणि जुन्या नावांवरून ब्रश फिरवायचा, हे काम तीस वर्षं एकाच पेंटरकडे. अक्षर असं की बघत राहावं! पण एका नावाशी गड्याचं उभं वैर. तेवढ्यापुरता तो रंगात टर्पेंटाइन जास्त ओतायचा, म्हणजे सहा महिन्यांत नाव फिकं पडलंच पाहिजे.

ते नाव ज्या वर्षाचं, त्या वर्षी निवडून आला होता पेंटरचा थोरला भाऊ. पण पहिल्या सभेआधीच, याच इमारतीच्या पायऱ्यांवर, पोलिसांच्या लाठीने त्याचं डोकं फुटलं आणि तो गेला. पहिल्या सभेला जो खुर्चीत बसेल त्याचंच नाव फलकावर, असा नियम. भावाच्या जागी त्याचा जिवलग मित्र अध्यक्ष झाला, आणि फलकावर चढलं ते त्या मित्राचं नाव.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा!" पेंटर म्हणायचा. तो मित्र समोरून येताना दिसला की रस्ता बदलायचा.

यंदा नवा फलक करायचा ठरलं. इमारतीचा इतिहास लिहायला संघाच्या सचिव मुलीने सभांच्या जुन्या वह्या काढल्या होत्या. तिने पेंटरला बोलावून घेतलं.

"काका, तुमचे दादा गेले त्या वर्षीचं ऐका. 'अध्यक्षांची खुर्ची रिकामी ठेवून सभा उभ्याने चालवली.' बाराही सभांना हेच लिहिलंय. त्यांचे मित्र त्या खुर्चीत कधी बसलेच नाहीत; बसले असतील असं धरून कुणीतरी परस्पर त्यांचं नाव फलकावर चढवलं. आता त्या ओळीत दादांचं नाव लिहायचं, ठराव झालाय."

इतकी वर्षं ज्यासाठी जीव तुटला ते पदरात पडलं, पण पेंटरने विचारलं ते मित्राबद्दल.

"तो... कुठे असतो आता?"

"दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पत्नी सांगत होत्या, वर्षातून एकदा फलक बघून जायचे. आपलं नाव फिकं दिसलं की म्हणायचे, पेंटरचं बरोबर आहे."

"मुद्दाम केलं गं मी, पोरी," म्हणत पेंटर लहान मुलासारखा रडला.

दादाचं नाव त्याने दुसऱ्या दिवशी लिहिलं. एक वेलांटी वाकडी गेली, तरी पुसली नाही. तिथून तो तडक मित्राच्या घरी गेला. काय बोलायचं ते जिना चढताना घोकलं होतं. दार उघडलं आणि सगळं विसरला.

"वहिनी, मी... तो पेंटर."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"या भावोजी," त्या म्हणाल्या. "फार वाट बघितली हो त्यांनी तुमची."