जपून ठेवलेला खोकला

मागच्या मैफलीत एकहार्ट ऐन हळव्या सुरावर खोकला होता. पुढच्या रांगेतल्या वीबुशबाईंनी मान वळवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बर्लिनमध्ये तेवढं पुरतं. घरी येऊन त्यानं जाहीर केलं, की पुन्हा असं झालं तर आपण खुर्ची सोडणार, बायकोनं, गुद्रुननं, खुशाल एकटीनं जावं.

सभागृह नवंकोरं होतं तेव्हापासून त्या दोन खुर्च्या दोघांच्या, दरवर्षी आगाऊ पैसे भरून राखलेल्या. शेजारी कुणी परका येऊन बसणार, हा विचारच गुद्रुनला सोसवेना. पण तसं कबूल करील तर ती गुद्रुन कसली! तिनं महिनाभर नवऱ्याची टिंगलच केली.

आज निघतानाही म्हणाली, "उशी घेऊ का बरोबर? वेळ आली तर तोंडावर दाबीन."

एकहार्टनं मधाच्या गोळ्या घरूनच कागद सोडवून खिशात टाकल्या होत्या. तशी भिस्त सगळी मधल्या फटीवर. रचनेचा एक भाग संपला, वाद्यवृंदाच्या संचालकानं हात खाली घेतले, की सारं सभागृह साठवलेला खोकला मोकळा करतं, अगदी समाधानानं.

तिसरा भाग फार संथ होता. एकहार्टचा चेहरा बीटासारखा झाला. गुद्रुन गालात हसत त्याच्याकडे बघत राहिली. अखेर भाग संपला. शेकडो घसे सरसावले.

संचालकानं हात खाली घेतलेच नाहीत. थेट पुढचा भाग सुरू. एकटं व्हायोलिन, तेही श्वासाइतकं हलकं. जो तो आवंढा गिळून बसला.

आणि खोकला आला. दणदणीत. गुद्रुनचा.

वादक मधोमध आणि लोक चहूबाजूंनी, अशी तिथली बैठक. लपायला जागा नाही. या दोघांच्या खुर्च्या तर वादकांच्या पाठीमागे, संचालकाच्या थेट समोर. त्याची भुवई वर गेली. वीबुशबाईंची मान वळली. तोवर एकहार्टनं रुमाल स्वतःच्या तोंडाशी नेला होता. त्यानं बाईंपुढे अपराध्यासारखी मान लववली.

बाहेर जमा केलेले कोट परत घ्यायच्या रांगेत दोघं उभी राहिली. गुद्रुननं विचारलं, "मग? सोडणार खुर्ची?"

"का म्हणून? मी कुठं खोकलो?"

"वीबुशबाईंना तसंच वाटतंय."

"वाटू दे." त्यानं तिच्या खांद्यांवर कोट चढवला. "तुझ्यासारखीला एकटं सोडायचं म्हणजे लोकांच्या कानांचं काय?"