पाच लान्फ्रेदो आणि नरकातला रविवार

डोंगरावरच्या त्या मठाचा संत लान्फ्रेदो. संत आपल्या नावाच्या माणसाला स्वर्गाच्या दारात आधी ओळखतो, अशी तिथली पक्की समजूत. मग काय, दीक्षा घेताना जो तो तेच नाव मागायचा. मठात पाच लान्फ्रेदो झाले: जाडा, बहिरा, गाढवं सांभाळणारा, खुद्द मठाधिपती आणि आपला बारका.

बारक्यानं डोळ्यांच्या खाचा होईस्तोवर एक ग्रंथ लिहिला. नरकातल्या पाप्यांनाही रविवारी सुट्टी असते, असं त्यात सिद्ध केलं आणि खाली नाव घातलं, 'मठवासी लान्फ्रेदो'. बोलोन्याच्या विद्यापीठातल्या पंडितांनी तो डोक्यावर घेतला. त्यांनी लान्फ्रेदोच्या नावानं पाठवलेला चांदीचा पेला मठाधिपतींनी निमूट ठेवून घेतला.

"बाबा, ग्रंथ माझा आहे," बारका म्हणाला.

"माझा?" मठाधिपती खिन्न हसले. "अरे, मठवाशाचं स्वतःचं काय असतं? झगा मठाचा, लेखणी मठाची, मग ग्रंथ तेवढा तुझा होय? अहंकार सोड, बाळा."

पुढं कित्येक वर्षं मठाधिपती त्याच ग्रंथावर प्रवचनं झोडत राहिले, आणि बारका खाली बसून मान डोलवत राहिला.

मग वारं फिरलं. नरकाला सुट्टी दिली तर देवाला भिणार कोण, असं रोममध्ये कुणाच्या तरी डोक्यात आलं. ग्रंथ पाखंडी ठरला. बिशपचा दूत हुकूम घेऊन आला: ग्रंथ जाळायचा, आणि लिहिणाऱ्यानं मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मठाधिपतींनी बारक्याला मायेनं पुढं ढकललं. "हाच तो लान्फ्रेदो. आमचं कसलं आलंय लिहिणं."

जाडा मागून कुजबुजला, "येड्या, त्यांचंच बोलणं त्यांच्या गळ्यात घाल. मठवाशाचं स्वतःचं काही नसतं म्हण, आणि सूट."

मठाधिपतींचा चेहरा पांढराफटक पडला. बारक्याच्या जिभेवर ते वाक्य तयारच होतं.

"लान्फ्रेदो, हा ग्रंथ तुझा?" दूतानं विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"माझा," तो म्हणाला. "पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझा. आणि तिसऱ्या प्रकरणात नक्कल करणाऱ्यानं एक ओळ गाळलीय, ती अशी..."

"बस," दूत म्हणाला. "शिक्षा सुरू झाली."

बारक्यानं तोंड मिटलं. जाड्याला राहवेना.

"रविवारीसुद्धा?" त्यानं विचारलं.

"रविवारीसुद्धा," दूत म्हणाला, आणि मठाधिपतींनी पुढं केलेला चांदीचा पेला त्यानं तोंडाला लावला.