परण्यातली पाठवणी

आटपाडीच्या बँडवाल्या आकारामतात्यांना प्रबुद्धचं गाणं कानावर नको होतं, आणि तेच गाणं त्यांना अख्खं पाठ होतं. क्लॅरिनेट कसं धरायचं इथपासून ज्याला त्यांनी शिकवलं, तो सांगलीला जाऊन गिटार घेऊन उड्या मारायला लागला. वर गाणं काय काढलं, तर ‘सनई गेली, बँड गेला, आता नंबर डीजेचा’! दोन महिन्यांत दुकानात, एसटीत, पिठाच्या गिरणीत तेच. बायको बायडाबाई भाकरी थापताना ते गुणगुणायला लागली की तात्या ताटावरून उठायचे. चाळीस वर्षं यांनी फुंकलं, आणि नाव झालं ते बँड मेला म्हणून बोंबलणाऱ्याचं!

दहिवडीत शंभूराजचं लग्न होतं. नवरदेव फौजेतला, सुट्टी काढून आलेला. लग्नाआधी घोड्यावर बसून तो मारुतीच्या देवळाकडं निघाला, म्हणजे परण्या निघाला. पुढं तात्यांचा बँड. दोन जुनी गाणी झाली, तरी नवरदेवाचे मित्र काही हलेनात.

“तात्या, प्रबुद्धचं वाजवा की!” एक जण ओरडला.

“आमाला न्हाई येत.”

“आवं, आख्ख्या जिल्ह्याला येतंय, तुमालाच कसं येत न्हाई?”

तात्यांचं डोकं सणकलं. वाजवतोच, मनाशी म्हणाले, पण असं वाजवतो की या गावात पुन्हा कुणी त्या गाण्याचं नाव काढणार नाही. ते ढोलवाल्या बाळासोकडं वळले.

“पाठवणीची लय धर.”

“परण्यात पाठवणी? तात्या, मार खायचाय व्हय?”

लेक सासरी निघताना वाजवायची ती संथ, रडवी लय. नाचत्या परण्यात ती कुणी वाजवत नाही.

“धर म्हणतोय न्हवं!”

बाळासोनं धरली आणि तात्यांनी त्या लयीत प्रबुद्धचं गाणं फुंकायला घेतलं. नाचायला वर गेलेले हात हळूहळू खाली आले. पडलं गाणं, असं म्हणून तात्या मनात खूश झाले आणि शिव्यांची वाट बघू लागले. शिव्या काही आल्या नाहीत. नवरदेवाची आई चंद्राबाई पदरानं डोळे पुसत होती. शंभूराजला आठ दिवसांनी परत हजर व्हायचं होतं, तो घोड्यावर मान खाली घालून बसला होता. ‘उद्या माझं बी कोण ऐकणार’ हे शेवटचं कडवं पाठ सगळ्यांना होतं, पण गिटारच्या दणक्यात ते कुणाला भिडलंच नव्हतं. तात्यांनासुद्धा ते आजच कळलं. गाणं चांगलं होतं, आणि याचाच त्यांना जास्त राग आला.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

“तात्या, प्रबुद्ध बोलतोय. व्हिडिओ बघितला.”

“मग? भांडायचंय का?”

“न्हाई वो. शंभर कार्यक्रम केलं मी. पोरं नाचली, पर एकाच्या डोळ्यात पाणी आलं न्हाई. तुमी भर परण्यात रडवलं. खरं सांगू तात्या? लय जळलो तुमच्यावर.”

तात्या उठून उभे राहिले. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला होता.

“आवाज येईना रं, परत बोल,” म्हणत त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि बायडाबाईला हाक मारली.