सीटचं माप

चौऱ्याहत्तर साली, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती आणि धाकटा भाऊ गाडीखाली उताणा पडून तळाच्या पत्र्याला भोकं पाडत होता. ड्रिल उसनं होतं. दिवेलागणीच्या आत परत करायचं होतं.

"क्लच पूर्ण दाब," खालून आवाज आला.

"दाबला."

"पाय ताणला जातोय?"

"नाही. पण मी कशाला? तू बस ना. गाडी तू चालवणार."

"मग भोकं कोण पाडणार?"

तेही खरंच होतं. ताई पाय दाबून बसून राहिली. सीट चार बोल्टांवर पक्की झाली.

भावाला गॅरेजात सगळे सायलेन्सर म्हणत. तो दिवसभरात जितकं बोले, तितकं ताई एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना बोलून टाकी. वडिलांच्या मागे सीट कव्हरचं दुकान तीच बघत होती. गाडी भंगारातली, दोन दारांची. भाऊ, ताई आणि शेजारच्या दुकानातले घड्याळवाले काका, अशा तिघांनी वर्षभराचे रविवार तिच्यात घातले होते. नवे भाग घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून गाडी हलकी करायची, एवढाच एक मार्ग होता. मागची सीट गेली, शेजारची गेली, दारांच्या आतले पुठ्ठे गेले, खिडक्यांना काचेऐवजी प्लास्टिक आलं.

"आता इंजिन काढलं की झालं," काका म्हणाले होते. "वाऱ्यावर जाईल."

ड्रायव्हरची सीट म्हणजे मोडीतल्या बसच्या सीटचा सांगाडा. त्यावर ताईने स्पंज चढवून, दुहेरी शिवण घालून कव्हर बसवलं होतं. सीट मागेपुढे सरकवायची लोखंडी पट्टी भावाने शेवटच्या आठवड्यात काढून टाकली. तिचंही वजन होतंच.

शर्यत चढाची होती. एका वेळी एक गाडी सोडायची, डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, आणि घड्याळाशी झुंजायचं. सरावासाठी ते गोदामांच्या मागच्या वळणावळणाच्या रस्त्यावर जात. एकदा भावाची फेरी झाल्यावर ताईने सहज म्हणून गाडी घेतली. ती परत आली तेव्हा काका थांबघड्याळ कानाशी धरून उभे होते.

"यात काहीतरी बिघाड झालेला दिसतो. तुझी वेळ याच्यापेक्षा कमी दाखवतंय," ते म्हणाले.

"तुमच्या घड्याळात?" ताई हसली.

"नाहीतर सायलेन्सरमध्ये."

भाऊ बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला.

त्या दिवसापासून शिवणयंत्रावर बसलं की ताईचा डावा पाय क्लच शोधायचा. रस्त्याने कुणाची गाडी गिअर बदलताना अडखळली, तर तिचा हात आपोआप मांडीवरून सरके. एकदा, फक्त एकदा, तो चढ आपल्या हातून व्हावा. पण गाडी एक आणि शर्यतही एकच, आणि भावाने त्या गाडीपायी जिवाचं रान केलेलं. शिवाय पुढच्या महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं, लांबच्या गावी. सासरी सायकल होती. असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात, असं समजून ती दुकानात दुप्पट काम उपसू लागली. त्यातच तिची टोपी हरवली. स्पंजाचा भुगा केसांत जाऊ नये म्हणून ती घालायची, कडेला निळा दोरा घातलेली. तिने दुकानाचा कोपरान् कोपरा धुंडाळला.

"टोपी पाहिलीस का रे माझी?"

भावाने मान हलवली. हो की नाही, ते त्यातून कळलं नाही.

शर्यतीच्या दिवशी, रविवारी सकाळी, टायर आणि अवजारं टेम्पोत टाकून भाऊ नि काका पुढे निघाले.

"गाडी तू घेऊन ये," भाऊ म्हणाला.

ताईने गाडी पायथ्यापर्यंत आणली. रस्ता रिकामा होता. प्लास्टिकच्या खिडक्या फडफडत होत्या. पाय, हात, पाठ, सगळं जिथल्या तिथे बसत होतं. मैदान दिसू लागल्यावर तिने काही कारण नसताना गिअर खाली घेतला, तेवढाच रस्ता लांबावा म्हणून.

मैदानात भाऊ एक नवंकोरं हेल्मेट हातात घेऊन उभा होता. ताईने ते काढून घेतलं आणि त्याच्या डोक्यावर चढवायला गेली. ते कानांवरच अडलं.

"कुणाचं डोकं मोजून आणलंस रे हे?"

भावाने तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं.

"जाऊ दे. कुणाचं तरी मागून घेऊ. आधी बस बघू आत."

तो बसला. गुडघे स्टिअरिंगला भिडले. ताईचा चेहराच उतरला. पट्टी काढलेली, बोल्ट पक्के, ड्रिल गावात.

"माझंच चुकलं. मी बसले आणि तू भोकं पाडलीस. तुझे लांबलचक पाय लक्षातच आले नाहीत माझ्या. उतर."

"ताई, राहू दे."

"राहू दे काय? असा गिअर टाकशील?"

"तसं नाही. मी काय म्हणतो…"

"गप. आत्ता होतं बघ."

कात्री तिच्या पिशवीत असायचीच. तिने पाठीची दुहेरी शिवण उसवली, स्पंज ओढून बाहेर काढला आणि मोकळं कव्हर सांगाड्यावर ताणून टाके घालू लागली. चार बोटं जागा झाली. भाऊ हेल्मेट पोटाशी धरून शेजारी उभा होता.

नावनोंदणीच्या टेबलामागच्या माणसाने हाक दिली, "पुढची गाडी. चालवणार कोण?"

भावाने मान वर केली. त्याच्या तोंडून शब्द निघायला नेहमीसारखाच उशीर झाला. ताईच्या दातांत दोरा होता. तिने कात्रीच्या टोकानेच भावाकडे खूण केली.

"हा," ती म्हणाली. "हा चालवणार."

भावाने क्षणभर काकांकडे बघितलं. काकांनी नजर खाली वळवली. मग नवं हेल्मेट त्यांच्या हातात देऊन तो उसनं मागायला गेला.

गाडी नीट वर पोचली. नंबर मधेच कुठेतरी आला. काकांनी आपल्या घड्याळात पाहिलं.

"आज घड्याळ अगदी बरोबर चाललंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

पुढच्या महिन्यात ताई सासरी गेली. नवरा सज्जन होता. त्याने पुढे स्कूटर घेतली, ती मात्र ताईने कधी मागितली नाही. तिने तिथेही शिलाईचं काम केलं, दोन मुली वाढवल्या, दोघींना गाडी शिकवली. काकांनी दुकान विकलं आणि काही वर्षांत ते गेले. गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. इंजिन कुणी पाण्याच्या पंपासाठी नेलं, पत्रा भंगारात गेला. भाऊ गॅरेजमध्येच म्हातारा झाला आणि गेल्या वर्षी, फारसं काही न बोलता, गेला.

ताई भेटायला गेली तेव्हा भावजयीने चहा ठेवला आणि माळ्यावरचं एक गाठोडं काढून आणलं.

"हे तेवढं तुम्ही बघा, ताई. इतक्या वर्षांत यांनी टाकू दिलं नाही. यांचं तर डोकंही शिरायचं नाही या हेल्मेटात. मी एकदा चिडवलं, आणताना मापाचं तरी बघायचं. तर म्हणाले, माप बरोबर नेलं होतं."

ताईने गाठोडं सोडलं. हेल्मेटच्या आत घडी करून एक टोपी ठेवली होती. कडेचा निळा दोरा विटून पांढुरका झाला होता.

तिने ती बराच वेळ हातात धरली. मग पिकल्या केसांवर चढवली आणि वरून हेल्मेट घातलं. ते अलगद बसलं. हनुवटीखालचा पट्टा ओढावासुद्धा लागला नाही.

"चहा निवतोय, ताई," भावजय म्हणाली.

ताईला ऐकू गेलं नाही. टेबलाखाली तिचा डावा पाय हळूहळू, अगदी शेवटपर्यंत, दाबला जात होता.