दुधाची जीप आणि खिंडीतली माय

चैत्र सरता सरता बोरखिंडीत रोज दुपारी चारच्या सुमारास माणसांची रीघ लागायची. बायका, म्हातारे, शाळा सुटलेली पोरं, सगळे उन्हात चढण चढून यायचे आणि खिंडीतल्या देवीच्या, मायच्या, शेंदूर लावलेल्या दगडाभोवती बसायचे. वाट कुणाची, तर आमच्या दूध सोसायटीच्या जीपची. केळझरच्या पलीकडच्या चार गावांचं दूध घेऊन जीप गाडरस्त्यानं घुरघुरत वर यायची आणि नेमकी मायसमोर दोन आचके देऊन बंद पडायची.

"थांबली!" गर्दीतून आवाज उठायचा. "मायनं थांबोली!"

मग मायजवळ मुक्काम ठोकलेले हिरालालबाबा आसनावरून उठायचे. डोळे अर्धे मिटलेले, हातात कमंडलू, गळ्यात रुद्राक्षांच्या पाच माळा. "ये गाडी नहीं, माय का वाहन है," ते गरजायचे. "इंजन की भाप नहीं, माय की साँस है!" पाऊण तास मंत्र, उदबत्त्या आणि पाण्याचे शिंतोडे झाले की हुकूम सुटायचा, "अब मार सेल्फ!" आणि जीप खरंच सुरू व्हायची. बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या डोक्यात मात्र शंका यायच्या.

त्यात माझा दोष नाही, धंद्याचा आहे. मी त्या सोसायटीचा टेस्टर. आलेल्या दुधात लॅक्टोमीटर बुडवायचं आणि पाणी किती ते सांगायचं. समोरच्यानं पाणी घातलंच असणार असं धरून माझी सकाळ व्हायची. चौदा वर्षं असं काम केलं की माणूस चमत्काराकडेही कॅनकडे बघावं तसाच बघतो.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यातली. जीप होती मिलिटरीच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी, आमच्याआधी तीन मालकांनी पिळून काढलेली. अध्यक्ष रूपरावांसमोर 'नवा पार्ट' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. त्यामुळे तिच्या स्प्रिंगला बैलगाडीचा बोल्ट होता आणि हॉर्नच्या तारेला सायकलच्या ट्यूबची पट्टी. हिवाळ्यात पेट्रोलची नळी फुटली, तेव्हा सिंदीच्या कवडू मिस्त्रीनं कुठल्याशा जुन्या यंत्राची तांब्याची नळी बसवून दिली. ती जरा लांब होती. चांगलं तांबं कापायचं कशाला, म्हणून त्यानं ती इंजिनाच्या कडेनं वळसा घालून नेली. काम स्वस्तात झालं म्हणून रूपराव आठवडाभर खूश होते.

जीपवर ड्रायव्हर होता प्रेमदास. सहा वर्षं ट्रॅक्टर चालवलेला, कमी बोलणारा, आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. दिवाळीपासून जीप त्याच्या हाती आली होती. घरात म्हातारी आई, दोन मुली आणि पगार या एकाच नोकरीचा.

जीप पहिल्यांदा बंद पडली त्या दिवशी आमच्या गावच्या बायकांनी एक गोष्ट केली. मायनं गाडी अडवली म्हणजे तिला ओटी हवी, असा त्यांनी अर्थ लावला आणि एक हिरवा खण जीपच्या तोंडाला, पुढच्या जाळीला बांधला. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा थांबली. आणखी खण आले. मग नवसाचे आले, मग शेजारणीनं बांधला म्हणून आले. पंधरा दिवसांत जाळीची एक फट दिसेना. खण वाढत गेले तशी जीप जास्तच नेमानं थांबू लागली, आणि ती नेमानं थांबते म्हणून खण आणखी वाढले.

"टेस्टर साहेब, हे कपडे काढा लागते," प्रेमदास मला एकदा म्हणाला. "गाडीले हवाच लागून नाई राह्यली."

त्याचं हे बोलणं कुणीतरी बाबांपर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्या अंगात माय आली.

"ओटी नको म्हणते! कोन म्हणते?" बाबा घुमत म्हणाले. "दूध माझं, रस्ता माझा, आन चाकावर हात कोनाचा? हाथ बदलो! हाथ बदलो, नहीं तो गाय सूख जाएगी!"

कोणाचा हात ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना बरोबर कळलं. प्रेमदासनं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. मला ते बघवलं नाही, मी मान वळवली.

तिकडे दूध नासत होतं. पाऊण तास उन्हात उभं राहिलेलं दूध सेलूच्या शीतकेंद्रावर पोचायचं तोवर आंबट व्हायचं आणि परत यायचं. लोक चिडले. रूपरावांनी पुढच्या मंगळवारी पंचांची बैठक लावली. प्रेमदासला काढायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याच्या जागी कोण, याचीही सोय मायनं केली होती. बाबांचा पुतण्या ओमप्रकाश चारच दिवसांपूर्वी जबलपूरहून आला होता आणि योगायोग बघा, त्याच्या खिशात ड्रायव्हिंगचं लायसन होतं.

माय इतकी तयारीची कधीपासून झाली?

मी जीपमध्ये बसू लागलो. आणि खरं सांगतो, पहिले तीन दिवस मी नजर ठेवली ती प्रेमदासच्या हातांवर. कुठली किल्ली फिरवतो का, पायानं काही दाबतो का, हे बघत बसलो. त्याला ते कळत होतं. हातांत काही सापडलं नाही, तेव्हा कुठे मला इतरत्र बघायची बुद्धी झाली.

मग दिसू लागलं. सकाळची फेरीही त्याच खिंडीतून, त्याच मायसमोरून, त्याच प्रेमदासच्या हातून जायची. सकाळी जीप एकदाही थांबली नव्हती. मायला प्रेमदासचा हात फक्त दुपारीच खटकतो का?

दुसरी गोष्ट बाबांची. "बारह साल हिमालय में था, लोहे को छुआ नहीं," असं ते सांगत. पण जीपच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या कड्या ते डोळे मिटून, अंगठ्याच्या एका फटक्यात उघडायचे. मला त्या कड्या अजून धड उघडता येत नव्हत्या. आणि शिंतोडे गर्दीवर उडायचे, सीटवर उडायचे, पण तीर्थात बुडवलेलं भगवं फडकं रोज एकाच जागी जायचं, इंजिनाच्या डाव्या बाजूला खाली, एका मुठीएवढ्या डब्यावर. ते तिथं पाऊण तास राहायचं.

"प्रेमदास, तो डबा कायचा हाय?" मी विचारलं.

"पेट्रोलचा पंप हाय जी. टाकीतून पेट्रोल वढते."

सोमवारी दुपारी जीप पुन्हा थांबली. आज बाबा आसनावरून उठेनात. "जब तक वो हाथ उतरेगा नहीं, पानी नहीं पड़ेगा." गर्दी प्रेमदासकडे बघू लागली. मागे कॅनमध्ये दूध तापत होतं. त्यात मंदाबाईच्या गवळाऊ गाईंचंही होतं. मंदाबाई विधवा बाई, सहा गाई एकटीनं सांभाळणारी, तोंडानं फटकळ.

मी बॉनेट उघडून त्या पंपाला बोट लावलं आणि चटका बसून हात मागे घेतला. "मंदाबाई, हे पाहा, कसं तापलं हाय!"

तिनं वाकून पाहिलं. मग सरळ मागे गेली. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून आमच्याकडे कॅनवर ओलं पोतं टाकतात. त्यातलं एक तिनं ओढून आणलं आणि पंपावर घातलं.

"बाई, क्या करती है!" बाबा ओरडले. "माय कोपेल!"

"दूध तापलं त नासते, म्हणून आमी वल्लं पोतं टाकतो," मंदाबाई म्हणाली. "हेबी तापलंच हाय न? मंतर नाई येत मले. पोतं येते."

आम्ही पोत्यावर पाणी घालत राहिलो. अर्ध्या तासानं मी प्रेमदासला म्हणालो, "मार सेल्फ." जीप सुरू झाली. मंत्राशिवाय, आणि त्याच हातानं.

गर्दीत चुळबुळ झाली. पण बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "माय बाईच्या पोत्यावर प्रसन्न झाली," ते तत्काळ म्हणाले. "एक बार माफ किया. कल नहीं करेगी." आणि लोकांनी माना डोलावल्या! मला त्या क्षणी बाबांपेक्षा त्या मानांचा संताप आला.

मंगळवारच्या बैठकीत मी उभा राहिलो. "रूपरावजी, माणूस काढाच्या आंधी दोन दिस द्या. दुधात पाणी हाय का नाई हे आपण तपासून सांगतो. हेबी तपासू."

रूपराव काही वाईट माणूस नव्हते, फक्त घाबरट होते. "मायची परीक्षा पाहाची म्हणता?"

"मायची नाई, जीपची. आज प्रेमदास चालवन, पण जाळीवरचे खण काढून. उद्या ओमप्रकाश चालवन, खण जसेच्या तसे बांधून. तेवढंच दूध, तीच येळ."

बाबा नाही म्हणू शकले नाहीत. हात बदला, असं त्यांनीच सांगितलं होतं.

मी खण सोडायला लागलो तशा बायका पुढे आल्या. मंदाबाईनं ते स्वतः सोडले आणि घडी करून मायच्या दगडाजवळ ठेवले. एकूण एकोणसत्तर निघाले. खालची जाळी मोकळी झाली. चार वाजता, भर उन्हात, प्रेमदास खिंड चढला. माथ्यावर गर्दी श्वास रोखून उभी. जीप आली, मायसमोरून तशीच पुढे गेली आणि उतरणीला लागली. गर्दी तिच्या मागच्या धुळीकडे बघत राहिली. कुणी टाळी वाजवली नाही.

बुधवारी एकोणसत्तर खण पुन्हा जाळीवर चढले आणि ओमप्रकाश स्टिअरिंगवर बसला. मी त्याच्या शेजारी. बाबा माथ्यावर फुलं घेऊन उभे. माथा पंचवीस पावलांवर राहिला असताना जीपनं आचका दिला, मग दुसरा, आणि ती बंद पडली.

ओमप्रकाशनं सेल्फ मारला. पुन्हा मारला. गाडी मागे घसरायला लागली तसा तो घाबरला आणि खिडकीतून ओरडला, "काका! पंपावर वल्लं फडकं टाका लवकर! ट्रकवर टाकत होते तसं!"

तोवर पंच आणि लोक धावत आले होते, चाकांमागे दगड लावून त्यांनी बॉनेट उघडलं.

"कोनत्या ट्रकवर, रे बाबू?" मंदाबाईनं गोड आवाजात विचारलं.

ओमप्रकाश भोळा होता बिचारा. त्यानं सांगून टाकलं. काका हिमालयात नव्हते, बारा वर्षं जबलपूर लाइनवर पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होते. बाबांनी फुलं खाली टाकली आणि "माय की इच्छा" असं काहीतरी पुटपुटत ते केळझरच्या दिशेनं निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी काका-पुतणे दोघंही गावात नव्हते.

मी तिथेच लोकांना सगळं दाखवलं. कवडूनं बसवलेली नळी सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापत्या पाइपाला चिकटून गेली होती. दुपारचं ऊन, जड चढण, आणि जाळीवर खण बांधलेले, म्हणून इंजिनाला वारा नाही. नळीतलं आणि पंपातलं पेट्रोल इतकं तापायचं की त्याची वाफ व्हायची. पंप पेट्रोल ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. इंजिनाला पेट्रोल मिळत नाही, गाडी बंद. ओलं फडकं ठेवलं, वेळ गेला, वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं, गाडी सुरू. सकाळी हवा थंड, म्हणून सकाळी माय शांत.

दुरुस्तीला पैसे लागलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. प्रेमदासनं नळी कापून आखूड केली, तापत्या पाइपापासून वीतभर दूर नेली, आणि मध्ये तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून आडोसा लावला. त्या उन्हाळ्यात जीप पुन्हा खिंडीत थांबली नाही.

पंचांनी प्रेमदासचा सत्कार ठरवला. रूपराव हार घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "प्रेमदास, चूक झाली आमची."

प्रेमदासनं हार हातात घेतला, गळ्यात घातला नाही.

"रूपरावजी, मले एक सांगा," तो म्हणाला. "बुधवारी ओमप्रकाशच्या हातातून गाडी बंद पडली, तवा तुमी समदे धावत आले आन बॉनेट उघडलं. त्याचा हात कसा हाय, हे कोनी नाई इचारलं. माह्या हातातून महिनाभर बंद पडली. माह्यावाल्या येळेस तुमी बॉनेट काऊन नाई उघडलं?"

रूपराव माझ्याकडे बघू लागले. दुधातलं पाणी ओळखणारा मी, तीन दिवस त्याचेच हात तपासत बसलो होतो.

वाचकहो, बाबा पळून गेला म्हणजे अंधश्रद्धा पळाली असं समजू नका. त्या फडक्याची युक्ती कुणालाही सापडली असती. पण आम्हाला युक्ती शोधायचीच नव्हती, कारण दोष कुणावर टाकायचा हे आम्ही आधीच ठरवलेलं होतं. म्हणून हात जोडून सांगतो, गाडी बंद पडली तर बॉनेट उघडा, गाय आटली तर तिचा चारा बघा, ताप आला तर डॉक्टरकडे जा. कारण शोधा, तपासा, पुन्हा तपासा. आणि कुणी सांगू लागलं की दोष अमक्याच्या जन्मात आहे, तर त्याला तिथेच थांबवा. आम्ही थांबवलं नाही, आणि एक चांगला माणूस महिनाभर मान खाली घालून आमची जीप चालवत राहिला.